बॉनेटला भोक: हूड स्कूपची खरी आणि खोटी गोष्ट

ऑडिओ ऐकून इथे आला असाल तर हे त्याच एपिसोडचं लिखित रूप. थेट वाचायला आला असाल तरी काही बिघडत नाही, हेडफोन शोधायची गरज नाही.

आजचा विषय आहे भोक. गाडीच्या बॉनेटला मुद्दाम पाडलेलं भोक, आणि त्यावर बसवलेलं ते नाकासारखं टोपडं. अमेरिकेत बॉनेटला हूड म्हणतात, म्हणून या नाकाचं नाव हूड स्कूप. मी मात्र बॉनेटच म्हणणार, कारण आपल्या कुठल्याही गॅरेजमध्ये जाऊन "हूड उघडा" म्हटलं तर पोरगं छत्रीकडे बघेल.

हे नाक तुम्ही बघितलंय. आपल्याकडे 2009 मध्ये आलेल्या पहिल्या फॉर्च्युनरवर होतं. ते खरं होतं बरं का. 3 लिटरच्या डिझेल इंजिनाच्या डोक्यावर इंटरकूलर बसवलेला, म्हणजे टर्बोतून तापून आलेली हवा इंजिनात जायच्या आधी गार करणारी जाळी. त्या जाळीवर वारा पोचवायचा म्हणून ते भोक. सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्सचं 1992 पासूनचं नाकही त्याच कामाचं. मिनी कूपर एसची गोष्ट जास्त मजेशीर आहे. 2000 च्या दशकाच्या सुरुवातीच्या मॉडेलवरचं भोक खऱ्या कामाचं होतं, कारण इंटरकूलर वरती होता. पुढच्या पिढीत इंटरकूलर पुढे समोर गेला, पण भोक बॉनेटवर तसंच राहिलं. आतून बंद. आमच्या धंद्यात याला 'डेड कोड' म्हणतात: कुणी वापरत नाही, पण काढायची हिंमतही कुणी करत नाही.

या सगळ्या कंपन्यांच्या कितीतरी आधी हे काम माणसांनी घरी केलं. स्वतःच्या गाडीचं धडधाकट बॉनेट, हातात करवत, आणि एकदा पत्रा कापला की अनडू नाही. असं का करावंसं वाटलं असेल? आणि त्याचा उपयोग होत होता का?

आधी थोडं विज्ञान, दोनच मिनिटं. इंजिन म्हणजे हवेचा पंप. जितकी हवा आत जाईल तितकं पेट्रोल जाळता येतं. आता हवा गरम झाली की पातळ होते. बाहेर 30 अंश आहे आणि बॉनेटखाली 60 अंश आहे असं धरा. केल्विनमध्ये 303 आणि 333. म्हणजे बॉनेटखालची हवा बाहेरच्यापेक्षा साधारण 9 टक्के विरळ. इंजिन तीच ओढत असेल तर तेवढा ऑक्सिजन फुकट गेला. ही बारावीची फिजिक्स आहे, तेव्हा गणित सोडवलं असेल, गाडीशी जोडलं नसेल.

दुसरी कल्पना 'रॅम'ची. गाडी जोरात धावते, समोरचा वारा भोकात कोंबला जातो, दाब वाढतो, आपोआप टर्बो! ऐकायला झकास आहे. आकडे मात्र पाणी ओततात. ताशी 100 किलोमीटरला वाऱ्याचा हा दाब निघतो सुमारे 460 पास्कल. वातावरणाचा दाब एक लाखाच्या वर. म्हणजे फायदा अर्धा टक्का, तोही सगळा दाब जसाच्या तसा आत पोचला तर. पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक वाऱ्यासमोर धरलं तर दोन्ही बाजूंच्या पातळीत पाच सेंटीमीटरपेक्षा थोडा कमी फरक पडेल, बस. वेग दुप्पट केला तर दाब चौपट, म्हणून ताशी 200 ला जेमतेम पावणेदोन टक्के. विमानाला याचा उपयोग आहे, ड्रॅग रेसला थोडाफार आहे. बाजारात दूध आणायला जाणाऱ्या गाडीला नाही. तरीही पुढची पन्नास वर्षं जाहिरातीत 'रॅम एअर' हाच शब्द गाजला. 'गार हवा' म्हटलं तर कोण पैसे मोजणार!

आता कॅलिफोर्नियाला चला. तिथे म्युरॉक नावाचं कोरडं तळं आहे, मैलोनमैल सपाट. 1930 च्या दशकात लॉस एंजेलिसची पोरं जुन्या फोर्ड घेऊन तिथे जायची आणि सरळ रेषेत जितकं पळवता येईल तितकं पळवायची. 1937 मध्ये त्यांच्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन उभी केली, म्हणजे वेळ तरी नीट मोजली जाईल. या पोरांनी बॉनेटला भोक वगैरे पाडलं नाही. त्यांनी बॉनेट काढूनच टाकलं! वजन कमी, हवा भरपूर, प्रश्न मिटला. फोर्डने 1932 मध्ये स्वस्तात व्ही-8 इंजिन आणलं होतं, तेच उघडं ठेवून पळवायचं.

मग महायुद्ध आलं आणि म्युरॉक सैन्याने घेतलं. (आज तिथे एडवर्ड्स हवाई तळ आहे.) यातली बरीच पोरं युद्धात गेली, काही विमानांच्या देखभालीला लागली. आणि विमान म्हणजे काय? जागोजागी हवेची तोंडं. स्पिटफायरच्या नाकाखाली कार्ब्युरेटरचं तोंड, पी-40 ची ती प्रसिद्ध हनुवटी, पी-51 मस्टँगच्या पोटाखालचा रेडिएटरचा डबा. हवा कुठून घ्यायची याचा कुणीतरी शांतपणे विचार केलाय, हे त्या मशीनवर डोळ्यांना दिसत होतं. युद्ध संपल्यावर बिल बर्क नावाच्या माणसाने विमानाची वाढीव इंधनटाकी विकत घेऊन तिचीच रेसकार बनवली. त्या काळातल्या डोक्यांची कल्पना यावी म्हणून सांगतोय. भंगारात विमानं पडलेली आणि शिकलेले हात रिकामे.

1948 च्या जानेवारीत हॉट रॉड मासिक निघालं. 1951 मध्ये वॉली पार्क्स यांनी एनएचआरए, म्हणजे नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, सुरू केली आणि रस्त्यावरच्या शर्यती हळूहळू पट्टीवर आल्या. पाव मैल सरळ, दोन गाड्या, एक दिवा. इथे गोष्ट बदलते, कारण आता गाड्याही बदलल्या होत्या. पन्नाशीतली अमेरिकन गाडी रुंद, बंद, एकसंध बॉनेटची. नवऱ्याची रेसकार आणि बायकोची बाजाराची गाडी एकच. बॉनेट काढून टाकलं तर सोमवारी ऑफिसला कसं जायचं?

त्यात अजून एक अडचण होती आणि ती फार कमी लोक सांगतात. बरेच स्कूप हवेसाठी जन्मले नाहीत, उंचीसाठी जन्मले. जास्त ताकद हवी म्हणून लोक दोन-दोन, तीन-तीन कार्ब्युरेटर उंच मॅनिफोल्डवर चढवायचे. वर एअर क्लीनर. मग बॉनेट बंदच होईना! आपल्याकडे एसटीत बॅग वर कोंबून दार लागेना तसं. मग काय, जिथे टेकतंय तिथे पत्रा कापा. भोक पडलं. उघडं भोक बरं दिसत नाही, पाऊस आत जातो, म्हणून त्यावर टोपडं. आणि टोपडं आहेच तर पुढून तोंड उघडं ठेवा, हवा तरी येईल. म्हणजे बग आधी, फीचर नंतर.

टोपडं बनवायचं कशाचं? इथे फायबरग्लास कामाला आलं. काचेचं कापड आणि पॉलिस्टर रेझिन, साच्यात थापा, सुकवा. 1953 ची शेवरोले कॉर्व्हेट अख्खी त्याच्या बॉडीची होती. प्रेस नको, डाय नको, शेडमध्ये बसून दोन माणसं स्कूप बनवू शकत होती. मग ते टपालाने विकायला लागले. शिकागोची जे. सी. व्हिटनी ही जाड कॅटलॉगवाली कंपनी असल्या सामानासाठी प्रसिद्ध होती. पैसे पाठवा, खोक्यात नाक येईल.

आता खोकं घरी आलंय. पुढचं काम कसं चालायचं ते जरा सावकाश सांगतो, कारण या गोष्टीचा जीव तिथे आहे.

बॉनेट म्हणजे एकच पत्रा नाही. वर पातळ, गुळगुळीत कातडं. खाली कमानी-कमानीचा सांगाडा. कडेला वरचा पत्रा खालच्यावर दुमडलेला, मधे डिंकासारखे ठिपके. वरचं कातडं एकटं घेतलं तर हाताने वाकेल. ताकद सगळी सांगाड्याची. म्हणून पहिलं काम बॉनेट उघडून खालून बघणं: कमानी कुठे आहेत, मधली मोकळी खिडकी कुठे आहे. ज्याने वरूनच खुणा केल्या आणि चालू पडला, त्याने कमान कापली. मग ते बॉनेट ताशी 110 ला फडफडायला लागतं.

दुसरं काम, इंजिनाचा कुठला भाग कुठे येतो ते शोधणं. एअर क्लीनरच्या डोक्यावर मातीचा किंवा मळलेल्या पिठासारखा गोळा ठेवायचा, बॉनेट हळूच बंद करायचं, उघडायचं. गोळा किती दबला त्यावरून अंतर कळतं. साधं, अचूक, फुकट. लेझर नव्हता म्हणून अडलं नाही कुणाचं.

मग पुठ्ठ्याचा साचा. बॉनेटच्या मधोमध दोरी ताणून मध्यरेषा काढायची, कारण नाक एक सेंटीमीटर वाकडं बसलं तरी समोरून बघणाऱ्याला लगेच कळतं, आणि गाडी विकेपर्यंत ते मालकाला रोज दिसत राहतं. पूर्ण बॉनेटवर मास्किंग टेप, म्हणजे मशीनच्या बुडाने रंग ओरखडणार नाही. खुणा टेपवर.

आणि आता पहिला कट. चारही कोपऱ्यांत आधी ड्रिलने गोल भोकं. हे नुसतं करवतीचं पातं आत शिरावं म्हणून नाही. टोकदार कोपऱ्यात ताण साठतो आणि तिथून पत्र्याला चीर जाते. गोल कोपरा तो ताण पसरवतो. विमानाच्या खिडक्यांचे कोपरे गोल असतात ते याच कारणाने. कापायला जिगसॉ, बारीक दातांचं पातं, संथ वेग. पत्रा थरथरायला लागला तर खालून लाकडाचा आधार. ग्राइंडरने काम पटकन होतं, पण ठिणग्या काचेवर आणि शेजारच्या रंगावर उडून चिकटतात, गंजतात आणि महिन्याभराने तपकिरी ठिपके येतात. शहाणा माणूस भोक स्कूपच्या बुडापेक्षा लहानच कापायचा. कापून मोठं करता येतं. लहान करता येत नाही.

कडा कानसेने घासायच्या, कच्च्या लोखंडाला लगेच प्रायमर. मग रिवेट किंवा स्क्रू, आणि ज्याला अखंड दिसायला हवं तो रेझिन, पुट्टी, घासकाम, रंग अशी रांग लावायचा. दोन वर्षांनी मात्र सांध्यावर केसासारखी रेघ उमटायची. लोखंड आणि फायबरग्लास उन्हात सारखे फुगत नाहीत, आणि बॉनेट आदळताना सारखे वाकतही नाहीत. त्यांच्यामधली पुट्टी बिचारी किती सहन करणार? म्हणून मला तरी वाटतं, ज्यांनी रिवेट उघडे ठेवले तेच प्रामाणिक. हे जोडलेलं आहे, लपवलेलं नाही.

एवढं करून हवा आत गेली का? इथे खरी परीक्षा. स्कूपमधून आलेली गार हवा बॉनेटखाली जाऊन तिथल्या गरम हवेत मिसळली तर फायदा जवळजवळ शून्य. एअर क्लीनरभोवती बंद डबा हवा, त्याच्या कडेला फोमची गादी हवी, आणि बॉनेट बंद झाल्यावर ती गादी बरोबर भोकाभोवती दाबून बसायला हवी. नुसतं भोक म्हणजे खिडकी. डबा केला तर नळी.

आणि आपल्या नाकाची उंची? वाहत्या हवेचा पत्र्याला चिकटलेला थर आळसावलेला असतो. याला सीमास्तर म्हणा. लुडविग प्रांट्ल यांनी 1904 मध्ये ही कल्पना मांडली. स्कूप ठेंगणा असेल तर त्याच्या तोंडात हा आळशी थरच येतो. अमेरिकेच्या नाका संस्थेने, म्हणजे नासाच्या आधीच्या संस्थेने, 1945 मध्ये पत्र्यात बुडालेलं, मागे रुंदावत जाणारं तोंड शोधलं होतं. नाव नाका आणि काम नाकाचं, हा योगायोग फक्त मराठीत जमतो! तसली दोन तोंडं फोर्डने 1971 च्या मस्टँगच्या बॉनेटवर दिली.

आता कंपन्यांकडे येऊ, आणि इथे मला थोडा राग आहे.

1964 मध्ये पाँटियाकने जीटीओ काढली. जॉन डिलोरियन तेव्हा पाँटियाकचे मुख्य अभियंता. जनरल मोटर्सचा नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत 330 घनइंचांपेक्षा मोठं इंजिन नको. यांनी 389 घनइंचांचं, म्हणजे 6.4 लिटरचं, इंजिन 'पर्याय' म्हणून घुसवलं. पहिल्या वर्षी 32,450 गाड्या गेल्या, दुसऱ्या वर्षी 75,352. त्या बॉनेटवर स्कूप होते. ते बंद होते. शोभेचे! मागे सहा लिटरचं खरं इंजिन आणि पुढे खोटं नाक.

का, हे समजायला कठीण नाही. विकायला गाडी तरुणांना होती, आणि तरुणांच्या डोक्यात स्कूप म्हणजे ड्रॅग स्ट्रिप. ज्यांनी गॅरेजमध्ये घाम गाळून पत्रा कापला त्यांची खूण कंपनीने उचलली आणि डायमध्ये दाबून काढली. 1965 मध्ये मग पाँटियाकनेच एक किट आणलं: तीन कार्ब्युरेटरभोवती बसणारं धातूचं ताट, फोमची गादी, आणि बंद स्कूप उघडा करायचा. डीलरकडे काउंटरवर मिळायचं. म्हणजे कंपनी स्वतःच म्हणत होती, आम्ही दिलेलं नाक खोटं आहे, खरं हवं असेल तर वेगळे पैसे द्या. मध्यंतरी गाडीतली हीटेड सीट सबस्क्रिप्शनने चालू करायची टूम निघाली होती, तिचे हे पूर्वज! तेही ठेंगणंच नाक. सीमास्तराच्या पलीकडे त्याला फारसं काही मिळायचं नाही. पण गुरगुराट मात्र भोकातून मस्त बाहेर यायचा, आणि अनेकांना तेवढंच हवं होतं.

त्याच 1964 मध्ये फोर्डने काय केलं बघा. ड्रॅग रेससाठी फेअरलेनमध्ये 427 घनइंचांचं अवाढव्य इंजिन बसवलं, नाव थंडरबोल्ट, एकूण 100 गाड्या. बॉनेटवर अश्रूच्या आकाराचा फुगवटा होता, पण तो उंच मॅनिफोल्ड मावावा म्हणून. हवा कुठून? पुढच्या चार दिव्यांपैकी आतले दोन काढून टाकले, तिथे जाळी, आणि तिथून जाड नळ्या थेट कार्ब्युरेटरवर. दाब सगळ्यात जास्त गाडीच्या थोबाडावर असतो, मग हवा तिथूनच घ्या. दिसायला जरा चमत्कारिक, म्हणजे दोन दात पडलेल्या पोरासारखं. पण गणित बरोबर.

दुसरी दाबाची जागा आणखी अनपेक्षित आहे. बॉनेटवरून आलेली हवा समोरच्या काचेला धडकते आणि काचेच्या पायथ्याशी दाब साचतो. 1963 मध्ये डेटोनाच्या ट्रॅकवर शेवरोलेच्या 427 इंजिनांनी तिथून हवा ओढली. पुढे 1969 च्या कॅमॅरोवर आणि 1970 च्या शेवेलवर 'काउल इंडक्शन' आलं: स्कूपचं तोंड मागे, काचेकडे. बघणाऱ्याला वाटतं उलटं बसवलंय. घरी पत्रा कापणाऱ्यांतले जे खरे किडे होते त्यांनी बॉनेटवर लोकरीचे धागे टेपने चिकटवून, मित्राला शेजारच्या गाडीतून बघायला लावून, हवा कुठे जाते ते आधी पाहिलं आणि मग करवत हातात घेतली. मला या धागेवाल्यांबद्दल भयंकर आदर आहे.

साठ-सत्तरच्या सांध्यावर तर नाकांची जत्राच भरली. 1969 च्या हर्स्ट एससी/रॅम्बलरच्या बॉनेटवर स्कूपकडे बोट दाखवणारा मोठा निळा बाण आणि त्यावर 'एअर' हा शब्द, उगाच कुणाला शंका नको. 1970 च्या प्लिमथ रोड रनरमध्ये डॅशखाली बटण दाबलं की बॉनेटमधून झडप वर यायची, बाजूला शार्कचे दात रंगवलेले. काही गाड्यांत स्कूप थेट इंजिनालाच जोडलेला, बॉनेटच्या भोकातून डोकं बाहेर. इंजिन थरथरलं की तोही थरथरायचा, म्हणून नाव 'शेकर'.

मग दार बंद झालं. 1970 चा स्वच्छ हवेचा कायदा, विम्याचे वाढलेले हप्ते, 1973 चं तेलसंकट, आणि रस्त्यावरच्या आवाजाचे नियम. पाँटियाक ट्रान्स ॲमचा शेकर 1970 ते 72 पर्यंत खरा होता, पूर्ण ॲक्सिलरेटरला त्याची झडप उघडायची. 1973 पासून कंपनीने तोंड बुजवलं, कारण त्यातून इंजिनाचा आवाज बाहेर यायचा. 1977 च्या 'स्मोकी अँड द बँडिट' सिनेमात जी काळी ट्रान्स ॲम बघून लाखो पोरं वेडी झाली, तिचं नाकही बंदच. आणि मग काय झालं असेल? बरोबर. लोक गाडी घरी आणून ते बुजवलेलं तोंड पुन्हा कापून उघडू लागले.

म्हणजे आधी माणसांनी खरं भोक पाडलं, मग कंपनीने त्याची नक्कल करून खोटं दिलं, मग खरं करून विकलं, मग सरकारी नियमाने बुजवलं, आणि माणूस पुन्हा करवत घेऊन गॅरेजमध्ये. अर्थात घरचे सगळे संत नव्हते. जे. सी. व्हिटनी छाप स्कूप कितीतरी लोकांनी भोक न पाडताच वरून चिकटवले. खोटेपणा काही फक्त कंपन्यांची मक्तेदारी नाही.

आता तुमच्यातल्या काहींच्या डोक्यात काय चाललंय ते मला कळतंय. ऑनलाइन स्कूप दीड-दोन हजारात दिसतो, काकांकडे ग्राइंडर आहे, रविवार मोकळा आहे. थांबा. एक, 1965 चं बॉनेट पत्र्याचं झाकण होतं; आजचं बॉनेट सुरक्षेचं यंत्र आहे. समोरून धडक झाली तर ते मधे ठरलेल्या जागी दुमडावं, काच फोडून आत येऊ नये, असा सांगाडा आखलेला असतो. पायी चालणाऱ्याचं डोकं आपटलं तर पत्रा दबावा म्हणून खाली मोकळी जागा ठेवलेली असते. तिथे कडक टोपडं आणि कापलेली कमान म्हणजे दुसऱ्याच्या डोक्याशी खेळ. दोन, कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेला धरून नसलेले बदल चालणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम 182-अ आलं: बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. चिकटवलेलं खोटं नाक आणि कापलेलं खरं नाक यांत कुठलं किती चालतं हे विचारायला आधी आरटीओत जा, मग काकांकडे.

मला याचं वाईट वाटतं, हे लपवत नाही. स्वतःच्या मशीनमध्ये हात घालून शिकलेली ती अख्खी पिढी, आणि आज आपण गाडीचं बॉनेट उघडलं तर वर काळं प्लास्टिकचं झाकण दिसतं. पण त्या चालत्या माणसाच्या डोक्यापुढे माझं वाईट वाटणं लहान आहे, हेही तितकंच खरं.

जाता जाता ड्रॅग स्ट्रिपवर एक चक्कर, कारण नाक जिथे मोठं झालं तिथे त्याचं काय झालं ते राहिलंच. 1970 मध्ये एनएचआरएने प्रो स्टॉक हा वर्ग सुरू केला. दिसायला दुकानातल्या गाड्या, आत राक्षस. त्यांचे स्कूप वर्षागणिक उंच होत गेले, तो आळशी सीमास्तर ओलांडून स्वच्छ हवेत तोंड काढण्यासाठी. शेवटी नाक जवळजवळ गाडीच्या छताएवढं झालं. इथे ते शंभर टक्के खरं होतं. या वेगाला रॅमचा दाबसुद्धा मोजण्याइतका मिळतो. आणि 2016 च्या हंगामापासून एनएचआरएने कार्ब्युरेटर काढून इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन सक्तीचं केलं, आणि सोबत स्कूपवर बंदी घातली. गाड्या दुकानातल्या गाड्यांसारख्या दिसाव्यात म्हणून. कारण एव्हाना दुकानातल्या गाड्यांच्या बॉनेटवर असली नाकं राहिलीच नव्हती.

टीम्सनी हिवाळाभर बसून नवीन बॉनेट बनवली, सपाट. हवा आता पुढून, जाळीतून घेतात. थंडरबोल्टच्या काढलेल्या दिव्यांपासून फार लांब नाही ती जागा.

तर मंडळी, पुढच्या वेळी सिग्नलला शेजारी स्कूपवाली गाडी थांबली तर जरा वाकून बघा, आत जाळी दिसते की काळं प्लास्टिक. फोटो पाठवा, नंबर प्लेट झाकून. भेटू पुढच्या एपिसोडला.